राऊळांचे वेड आणि फलटणचे देऊळ

बाणगंगेच्या काठी वसलेले फलटण हे इतिहासाच्या पुस्तकांत प्रामुख्याने नाईक-निंबाळकरांच्या संस्थानाची राजधानी आणि शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांचे माहेर म्हणून येते. परंतु महानुभाव पंथीयांच्या दृष्टीने त्याची ओळख यापेक्षा जुनी असून, पंथात या गावाला दक्षिण काशी मानले जाते. गावातील देवळांशी एक असा इतिहास जोडलेला आहे की ज्याची नोंद राजघराण्याच्या बखरीत सापडणार नाही. घरात एखादे मूल इतरांसारखे बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही, एकच कृती तासन्‌तास करत राहते, अशा मुलाला वाढविणाऱ्या कुटुंबाने आधार कोठे शोधला, आणि त्या आधाराची किंमत कोणी मोजली, याचा तो इतिहास आहे. आज या अवस्थेला मराठीत ‘स्वमग्नता’ किंवा सरळ ‘ऑटिझम’ म्हटले जाते. मेंदूच्या जन्मजात वेगळ्या जडणघडणीमुळे संवाद, सामाजिक देवाणघेवाण आणि इंद्रियसंवेदना यांत पडणारा फरक, असा त्याचा थोडक्यात अर्थ होय. हा शब्द मराठीत अलीकडचा असला, तरी अशी मुले मात्र मराठी घरांत नेहमीच होती आणि त्यांना काही ना काही नाव दिले जातच होते.

ती नावे पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘वेडा’ आणि ‘पिसा’ ही जुन्या मराठीतील दोन्ही विशेषणे बुद्धिभ्रमाची आहेत आणि तितकीच ओढीची व भक्तीचीही आहेत. विठ्ठलाचे वेड लागते आणि वेड्याला गावाबाहेरही काढले जाते. सातारा-सांगलीकडच्या बोलीत ‘खुळं’ हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो आणि आई आपल्या लेकराला जवळ घेतानाही तोच वापरते. संस्कृत परंपरेत जीवन्मुक्त पुरुषाचे वर्णन करताना तो बालक, उन्मत्त आणि पिशाच यांच्यासारखा वागतो असे सांगितले गेले, आणि त्यावरूनच ‘बालोन्मत्तपिशाचवृत्ती’ हा जोडशब्द मराठी चरित्रग्रंथांत रूढ झाला. लोकरीतीचे भान न ठेवणारा माणूस ईश्वराच्या अधिक निकट असू शकतो, ही शक्यता या शब्दाने उघडी ठेवली. भागवतातील जडभरत हे त्याचेच सर्वपरिचित उदाहरण होय. समाज अशा माणसाशी प्रत्यक्षात कसा वागत होता, हे मात्र या कल्पनेवरून कळत नाही. त्यासाठी एखाद्या गावातील रोजच्या वागण्याची नोंद हाती असावी लागते. महानुभावांनी ती नोंद करून ठेवली आहे आणि तिचा एक धागा फलटणपासून सुरू होतो.

महानुभाव पंथ परमेश्वराचे पाच अवतार मानतो, त्यांना ‘पंचकृष्ण’ म्हणतात: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. यांपैकी चक्रपाणी, ज्यांना चांगदेव राऊळ असेही म्हणतात, ते पंथाच्या परंपरेनुसार फलटणच्या एका कऱ्हाडे ब्राह्मण घरात जन्मले, संसार सोडून माहूरला गेले आणि नंतर द्वारावतीस राहिले. तेथील त्यांचे आचरण चरित्रकारांनी मोठ्या प्रेमाने टिपले आहे. हातात सूप आणि खराटा घेऊन ते नगरीचे रस्ते झाडीत, केर सुपात भरून गोमतीत टाकीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करीत. ज्या गावाने या पुरुषाला आपला म्हटले, त्या गावाला निरर्थक वाटणाऱ्या पुनरावृत्तीत अर्थ असू शकतो ही कल्पना परकी राहिली नसावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, यांच्याबाबतीत पुरावा अधिक भरघोस आहे. आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात त्यांचे दीर्घ वास्तव्य होते, ते चक्रधरस्वामींचे गुरू होते, आणि त्यांच्या लीळांचा संग्रह, जो ‘ऋद्धिपूरचरित्र’ किंवा ‘गोविंदप्रभुचरित्र’ या नावांनी ओळखला जातो, त्यांच्या निधनानंतर लवकरच म्हाइंभटांनी सिद्ध केला. ‘लीळा’ म्हणजे अवतारी पुरुषाच्या आयुष्यातील छोटी, सुटी घटना. वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचे संपादन केले आणि अमेरिकन अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. जगाच्या धर्मवाङ्मयात इतके मोकळे हसणारे पवित्र चरित्र क्वचितच सापडेल.

या ग्रंथातील राऊळ मुलासारखे खेळतात, देवळातील मूर्तींशी बोलतात, मनाला येईल तिकडे चालू लागतात, बाजारातील खाद्यपदार्थ उचलून तोंडात टाकतात, रागावतात आणि लगेच निवळतात. त्यांच्या बोलण्याला एक ठरावीक वळण आहे: एखादी गोष्ट करावी की करू नये, असे दोन्ही बाजूंनी स्वतःशीच मोठ्याने बोलून ते अखेर आपणच आपल्याला उत्तर देतात, आणि हे वळण लीळेमागून लीळेत इतक्या निष्ठेने टिपलेले आहे की साडेसातशे वर्षांनंतरही वाचकाला त्यांचा आवाज ओळखू येतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या घरी ते जातात, तेथे खातात-पितात, आणि मातंगांना पाणी मिळत नाही हे कळल्यावर त्यांच्यासाठी पाण्याची सोय करतात. सोवळे-ओवळे हा जणू त्यांच्या जगातील भागच नाही. गावकरी त्यांना वेडे म्हणतात, पिसे म्हणतात, आणि तेच गावकरी अडचणीच्या वेळी राऊळांना आपले मायबाप मानून त्यांच्याकडे धावतात.

गोविंदप्रभूंना आधुनिक निदानाचे नाव चिकटविणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही आणि श्रद्धेच्या दृष्टीनेही अनुचित ठरेल. सातशे वर्षांपूर्वीच्या भक्तांनी अवतार म्हणून लिहिलेले चरित्र हे वैद्यकीय टिपण नव्हे. परंतु त्यांच्या अवतीभवतीच्या माणसांकडे पाहण्यास कोणतीच आडकाठी नाही, आणि प्रस्तुत विषयाला महत्त्वाची आहेत ती हीच माणसे. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यानंतर नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा, आबाइसा अशी शिष्यमंडळी ऋद्धिपुरास येऊन राहिली आणि गोविंदप्रभूंच्या अखेरीपर्यंत त्यांची सेवा करीत राहिली. जेवू घालणे, न्हाऊ घालणे, निजविणे, बाहेर पडल्यास मागोमाग जाणे, हट्ट पुरविणे आणि काही वेळा युक्तीने वळविणे, अशी ती सेवा होती. स्वमग्न मूल सांभाळणाऱ्या कोणत्याही घराला हा दिनक्रम अनोळखी वाटणार नाही. या मंडळींनी राऊळांना सुधारण्याचा प्रयत्न केला नाही. ती त्यांचे निरीक्षण करीत होती, एकमेकांना सांगत होती, हसत होती आणि लिहून ठेवीत होती.

येथील हसण्याचे स्वरूप जरा थांबून पाहण्यासारखे आहे. टवाळीचे हसू माणसाला दूर लोटते, कारण त्यात हसणारा स्वतःला शहाण्यांच्या बाजूला उभा करतो. लीळांमधील हसू मात्र बारकाईने पाहिल्याशिवाय फुटतच नाही: कोणत्या पदार्थाला राऊळांनी नाक मुरडले, कोणत्या वळणावरून ते परत फिरले, कोणता शब्द कितीदा उच्चारला, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्यातील गंमत कळते. जवळीक आणि निरीक्षण यांतून आलेले हे हसू श्रद्धेच्या आड येत नाही. महानुभावांच्या दृष्टीने ते लीळास्मरणच असल्यामुळे उपासनेचा भाग ठरते. मराठी गद्याच्या आरंभकाळीच ही दृष्टी लिखित स्वरूपात उपलब्ध होती, हे मराठी समाजाचे मोठे भाग्य म्हटले पाहिजे, आणि तिचा जेवढा उपयोग व्हायला हवा होता तेवढा झाला नाही याची खंतही वाटल्यावाचून राहत नाही.

कारण त्याच पंथाच्या देवळांभोवती पुढे दुसरीही एक रीत वाढली. अवताराच्या पदस्पर्शाने पवित्र झालेल्या जागेला महानुभाव ‘स्थान’ म्हणतात. तेथे बांधलेल्या ओट्यावर डोके टेकविल्याने व्याधी दूर होतात असा विश्वास लोकांत पसरला, आणि विशेषतः मनाच्या व्याधींसाठी कुटुंबे आपल्या माणसाला घेऊन अशा देवळांत येऊन राहू लागली. बुलढाणा-जालना सीमेवरचे जाळीचा देव हे असेच एक प्रसिद्ध ठिकाण, आणि फलटणही त्यांपैकीच एक. व्याधीचे कारण बहुधा बाहेरची बाधा किंवा करणी असे मानले जाई. ग्रामीण मराठीत बाधा करणाऱ्या भुताला ‘झाड’ म्हणतात, त्याने अंगात येऊन डोलण्याला ‘घुमणे’, आणि देवापुढे ते प्रकट होण्याला काही ठिकाणी ‘हाजेरी’. महानुभाव तत्त्वज्ञान परमेश्वरावाचून अन्य देवतांची भक्ती नाकारणारे असल्याने, क्षुद्र शक्तींनी पीडलेल्या माणसाने परमेश्वराच्या स्थानी यावे, ही कल्पना लोकांना सुसंगत वाटली असावी.

१९८०च्या दशकात ब्रिटनमधील मानववंशशास्त्रज्ञ व्हिडा स्कुलटान्स यांनी फलटणच्या अशा एका देवळात राहून अभ्यास केला आणि १९८७ साली ‘मॅन’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष मांडले. त्यांचे मुख्य निरीक्षण अनपेक्षित होते. देवळात घुमणारे बहुतेक जण ज्यांना आजारी म्हणून आणले होते ते नव्हते, तर त्यांना घेऊन आलेल्या बायका, म्हणजे आया, पत्नी आणि बहिणी होत्या. घरातील माणसाचे दुखणे आपल्या अंगावर यावे आणि त्याची सुटका व्हावी अशी प्रार्थना या स्त्रिया करीत. घुमणे ही त्या प्रार्थनेची फलश्रुती समजली जाई, आणि आईच्या अंगात आले म्हणजे मुलाचे ओझे हलके झाले असे मानले जाई.

या रीतीकडे एकाच बाजूने पाहणे अन्यायाचे होईल. सासर-माहेरच्या नजरांतून सुटून आईला काही आठवडे अशा जागी राहता येत होते, जेथे तिच्यासारख्याच दुसऱ्या बायका होत्या, जेथे तिच्या मुलाने आरडाओरडा केला तर कोणी वळून पाहत नव्हते, आणि जेथे तिला मोठ्याने रडण्याची, किंचाळण्याची, जमिनीवर लोळण्याची मुभा होती. तिचे स्वतःचे दुःख हे दुःख म्हणून ओळखले जाण्याची दुसरी सार्वजनिक जागा त्या काळच्या तालुक्याच्या गावात नव्हती. तथापि त्याची किंमत तिलाच द्यावी लागे. मुलाचे दुखणे आईने अंगावर घ्यावे, या मागणीच्या पोटात ते मुळात तिच्यामुळेच आले असावे हा संशय दडलेला असतो: तिचे काहीतरी चुकले, तिला कोणाची तरी नजर लागली, गरोदरपणी तिने काहीतरी पाळले नाही. ऋद्धिपुरात सेवा करणाऱ्यांवर असा दोष कोणी ठेवला नव्हता, कारण तेथे दुखणे मानलेच गेले नव्हते.

आईला दोषी धरण्याची ही प्रवृत्ती केवळ अज्ञानातून किंवा अंधश्रद्धेतून येते असे समजणाऱ्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाचा इतिहास पाहावा. बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून या अवस्थेचे तपशीलवार वर्णन केले, त्यात ही वृत्ती जन्मजात असल्याचे म्हटले, परंतु आईबापांच्या भावनिक थंडपणाचा उल्लेखही केला. पुढील काही वर्षांत तो उल्लेख वाढत जाऊन ‘बर्फासारखी थंड आई’ हे कारण होऊन बसले, आणि ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोहोचविली. दोन दशके शिकल्यासवरल्या आयांनी मुलाचे दुखणे आपल्या अंगावर घेतले. फरक एवढाच की ते देवळात न घडता दवाखान्यात घडले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, १९६४ साली या मताचे साधार खंडन केले, १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले, आणि १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा भाग स्पष्ट केला.

याच काळात फलटणशी एक वेगळे नाव जोडले गेले होते. कमला निंबकर या मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतील क्वेकर घराण्यातल्या. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था त्यांनी सुरू केली. ‘व्यवसायोपचार’ या नावामुळे धंदेशिक्षणाचा भास होतो, पण येथे व्यवसाय म्हणजे माणसाला दिवसभर गुंतवून ठेवणारी कोणतीही कृती: घास कालवणे, बटण लावणे, चूळ भरणे, झोके घेणे. माणसाला आधी बरे करून मग जगायला सोडायचे, हा क्रम या विद्येने उलटा केला. जसा आहे तसाच तो जगू लागावा यासाठी भोवतीची वस्तू, जागा किंवा कृती बदलायची, हे तिचे सूत्र आहे. १९७०च्या दशकात जीन आयर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ स्त्रीने संवेदनांच्या एकात्मीकरणाची उपपत्ती मांडल्यावर, कुकरची शिट्टी, लोकरीचा स्पर्श किंवा भाताचा चिकटपणा एखाद्या मुलाला असह्य का वाटते याचा विचार करण्याची दिशा मिळाली.

कमलाबाईंचे पुत्र बनबिहारी निंबकर फलटणला स्थायिक झाले आणि १९६८ साली त्यांनी तेथे शेतीसंशोधनाची संस्था उभी केली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या, यांनी तेथूनच आपले लेखन केले. फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी आलेल्या आणि नंतर भारताच्या नागरिक होऊन तेथेच राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८०च्या दशकात प्रगत शिक्षण संस्थेमार्फत जी मराठी शाळा काढली, तिला कमला निंबकर बालभवन हे नाव दिले. ही काही खास मुलांची शाळा नव्हे. तिचा भर मातृभाषेतून आणि मुलाच्या स्वतःच्या बोलीला मान देऊन वाचन-लेखन शिकविण्यावर आहे. तरीही ज्या गावात मुलाला बाधा झाली म्हणून देवळाच्या ओट्यावर टेकवीत, त्याच गावातील एका शाळेच्या पाटीवर भारतात व्यवसायोपचार आणणाऱ्या स्त्रीचे नाव आहे, हा योग कोणा इतिहासकाराने आवर्जून नोंदविला पाहिजे.

बोलीचा उल्लेख येथे ओघाने आला असला तरी स्वमग्न मुलाच्या घरातील विनोदाचे मूळ पुष्कळदा भाषेतच असते. ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणण्याला ‘प्रतिध्वनी-उच्चार’ म्हणतात. कॅनर यांनीही तो नोंदविला होता. मराठीत या सवयीला खास रंग चढतो. पाणी हवे असलेले मूल ‘तुला पाणी पाहिजे का?’ असे म्हणते, कारण पाणी मिळण्यापूर्वी दरवेळी त्याने हेच वाक्य ऐकलेले असते. दिवसभर आईच्या सहवासात असलेला मुलगा ‘मी जाते’, ‘मी आले’ असे तिच्याच लिंगवचनात बोलतो. आणि घरात आलेल्या वडीलधाऱ्याचे स्वागत, आजीने लहानग्यांना दटावण्यासाठी वापरलेल्या वाक्याने, नेमक्या तिच्याच सुरात होते. शब्दशः अर्थ घेण्याची सवय तर मराठीसारख्या वाक्प्रचारांनी भरलेल्या भाषेत पावलोपावली अडखळते. ‘दुधाकडे लक्ष ठेव’ असे सांगितल्यावर मूल खरोखर लक्ष ठेवते, दूध उतू जाऊन शेगडी विझेपर्यंत अतिशय प्रामाणिकपणे पाहत राहते, आणि सांगितलेले काम चोख केल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर असते. गॅस बंद कर, असे त्याला कोणी म्हटलेले नसते. चूक कोणाची, असे विचारायला गेल्यास ती भाषेचीच निघते, आणि हे उमगलेली आई हसते तेव्हा ती लेकराला हसत नसून त्याच्या बाजूने जगाकडे पाहून हसत असते. राऊळांच्या भोवती बसलेल्या महदाइसा-आबाइसांचे हसू याच जातीचे होते.

श्रद्धेच्या बाबतीत मात्र कायद्याला मध्ये यावे लागले, आणि ते योग्यच झाले. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवासात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडल्यानंतर देशभरातील अशा ठिकाणांचा प्रश्न ऐरणीवर आला. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात लागू झाला; भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा आता गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक, कमी चर्चिले गेलेले कलम आहे: मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे हेही दंडनीय ठरविण्यात आले आहे. बालोन्मत्तवृत्तीचा आदर आणि त्या आदराचा बाजार यांतील सीमारेषा एखाद्या कायदेमंडळाला लिहून काढावी लागावी, ही घटना मराठी समाजाच्या धार्मिक इतिहासात लहान नाही. निदानाची कायदेशीर मान्यताही उशिराच आली. १९९५च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. ‘आमच्या मागे याचे कसे होणार’ हा आईबापांना सतत छळणारा प्रश्न पालकत्वाच्या तरतुदीच्या रूपाने कायद्याच्या भाषेत प्रथम उतरला तो राष्ट्रीय न्यास कायद्यातच.

या साऱ्या कायद्यांनी श्रद्धेतील क्रौर्य काढून टाकण्याचे काम केले. श्रद्धेच्या जागी काय ठेवायचे, हे सांगणे त्यांचे कामही नव्हते. घरचे मूल बदलणार नाही हे कळल्यानंतरही जे कुटुंब दर वर्षी देवाला जाते, ते आता तेथे काय मागते याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. महानुभावांच्या पोथीत मात्र न मागण्याचे एक उदाहरण आहे. गोविंदप्रभूंना एकदा आपले लग्न व्हावे अशी लहर आली. म्हातारपणीचा हा हट्ट समजावून मोडून काढता आला असता. भक्तांनी तसे न करता लग्नाचा घाट घातला, मंडळी वऱ्हाडी झाली, आणि लग्नात गाणी हवीत म्हणून महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’, म्हणजे वराला उद्देशून गायची मंगलगीते, तेथल्या तेथे रचून म्हटली. महदाइसा ही मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. तिची ती रचना आजही पोथ्यांतून टिकून आहे.